इन्स्टॉल केलेलं आहे, तरी मशीन ‘सापडत नाही’ म्हणतं. पाथ नेमका बघायचा कसा?

डिचोलीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात जत्रेतल्या नाटकांची छापील हस्तपत्रकं जमवून ठेवलेली आहेत. कालो, जत्रा, शिगमो, सगळ्या निमित्तांनी झालेले मराठी प्रयोग. पात्रपरिचय, हार्मोनियमवर कोण, तबल्यावर कोण, पडदे कुणाचे, हे सगळं त्या एका कागदावर असतं. कागद आता घडीवर फाटू लागलेत, म्हणून ते स्कॅन करून शब्द शोधता येतील अशा पीडीएफ करायचं काम मी अंगावर घेतलंय. संध्याकाळी शाळा आटोपली की वाचनालयात बसतो.

माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. चित्रातली अक्षरं ओळखणारं टेसेरॅक्ट टाकलं, त्याचा मराठी डेटा टाकला, चित्रांचे प्रकार बदलणारं इमेजमॅजिकही टाकलं. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘टेसेरॅक्ट’ लिहिलं तर ‘इज नॉट रेकग्नाइज्ड ॲज ॲन इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड’ हे ठरलेलं वाक्य येतं. ‘कन्व्हर्ट’ लिहून स्कॅनचा जेपीजी पीडीएफ करायला सांगितला तर तो प्रोग्रॅम सापडतो, पण ‘इनव्हॅलिड पॅरामीटर’ म्हणून थांबतो. मग सेटिंगमध्ये जाऊन टेसेरॅक्टचं फोल्डर पाथमध्ये घातलं. आता स्टार्टमधून उघडलेल्या काळ्या खिडकीत ते चालतं, पण व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या एडिटरमधल्या टर्मिनलमध्ये (कमांड लिहायच्या खिडकीत) पुन्हा तेच वाक्य. मशीन एक, मग उत्तरं दोन कशी?

वाचनालयातल्या डेस्कटॉपवर उबंटू आहे. तिथे पिपएक्स (पायथॉनचे प्रोग्रॅम इन्स्टॉल करणारं साधन) वापरून ‘ओसीआरमायपीडीएफ’ टाकलं, ते स्कॅनच्या पीडीएफमध्ये शोधता येणारा मजकूर घालतं. हाताने चालवलं की उत्तम चालतं. रात्री आपोआप चालावं म्हणून, ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या क्रॉनमध्ये ओळ घातली, तर सकाळी लॉगमध्ये ‘/बिन/एसएच: १: ओसीआरमायपीडीएफ: नॉट फाउंड’.

प्रत्येक दुखण्याला वेगळी गोळी नको आहे. मशीन प्रोग्रॅम शोधतं कसं, ते एकदा नीट समजून घ्यायचंय. कमांड इथे देवनागरीत लिहिल्या तरी चालतील, टाइप करताना मी रोमन करून घेईन.

म्हापसा_डीटीपी

पूर्ण पत्ता द्या, विषय संपला. "सी:\प्रोग्रॅम फाइल्स\टेसेरॅक्ट-ओसीआर\टेसेरॅक्ट.ईएक्सई" असं अवतरणचिन्हांत लिहायचं, कारण मध्ये मोकळी जागा आहे. क्रॉनमध्येही घरच्या फोल्डरपासून सगळा पत्ता लिहा. पाथच्या भानगडीत न पडता काम होतं. आमच्याकडे गिऱ्हाईक पत्रिकेचं प्रूफ न्यायला उभं असतं तेव्हा मी हेच करतो.

फर्मागुडी_लॅब

डिचोलीकर बाब, तुम्ही मुळाशी जायचं म्हणताय याचा मला फार आनंद झाला. मी कॉलेजच्या लॅबमधली मशीनं सांभाळतो आणि दर सत्रात मुलं हाच प्रश्न घेऊन येतात. बहुतेकांना लगेच लागू पडणारी ओळ हवी असते. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

एखादा प्रोग्रॅम ‘इन्स्टॉल आहे का’ हे शेलला, म्हणजे तुम्ही लिहिलेली कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, माहीतच नसतं. तुम्ही नुसतं नाव लिहिलंत की ते काही ठरावीक फोल्डरांत, ठरलेल्या क्रमाने जाऊन त्या नावाची चालवता येणारी फाइल आहे का एवढंच बघतं. उरलेल्या डिस्ककडे ढुंकूनही बघत नाही. त्या फोल्डरांची यादी म्हणजे पाथ. विंडोजवर यादीतली नावं अर्धविरामाने वेगळी केलेली असतात, लिनक्स आणि मॅकवर एकावर एक अशा दोन टिंबांनी (:). पहिल्या जागी फाइल मिळाली की शोध तिथेच थांबतो. यादीत पुढे त्याच नावाचा दुसरा प्रोग्रॅम असला तरी त्याची पाळी येत नाही. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, १९७९ साली, बॉर्न शेलबरोबर ही सोय आजच्या रूपात आली आणि तिचा गाभा आजही तोच आहे.

म्हणून काही अडलं की मी दोनच गोष्टी विचारतो. या नावाला नेमकी कुठली फाइल ओ देते? आणि हाक मारणारा कोण?

तुमचं ‘कन्व्हर्ट’ पहिल्या प्रश्नात बसतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘व्हेअर कन्व्हर्ट’ लिहून बघा. जवळजवळ खात्रीने ‘सी:\विंडोज\सिस्टम३२\कन्व्हर्ट.ईएक्सई’ असं उत्तर येईल. हा विंडोजचा स्वतःचा जुना प्रोग्रॅम, फॅट पद्धतीची ड्राइव्ह एनटीएफएसमध्ये बदलणारा. चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नाही. त्याला ड्राइव्हचं नाव हवं होतं, तुम्ही नाटकाचं हस्तपत्रक दिलंत, म्हणून तो ‘इनव्हॅलिड’ म्हणाला. इमेजमॅजिकच्या सातव्या आवृत्तीत मुख्य कमांडचं नाव ‘मॅजिक’ आहे. ‘कन्व्हर्ट’ वगैरे जुन्या नावांचे प्रोग्रॅम हवे असतील तर इन्स्टॉल करताना वेगळी खूण करावी लागते. ती करू नका. एकाच नावाचे दोन प्रोग्रॅम मशीनवर असले की कुठला चालणार हे यादीतल्या क्रमावर अवलंबून राहतं, आणि तो क्रम उद्या एखादा नवा इन्स्टॉलर तुम्हाला न विचारता बदलू शकतो. ‘मॅजिक’ लिहिण्याची सवय लावा, भांडणच मिटेल. ‘फाइंड’ आणि ‘सॉर्ट’ यांचीही हीच कथा. लिनक्समधली ‘फाइंड’ची ओळ विंडोजच्या प्रॉम्प्टमध्ये चिकटवली तर उत्तर देणारा वेगळाच असतो.

‘व्हेअर’ बद्दल एक सांगून ठेवतो. पॉवरशेलमध्ये ते दुसऱ्याच कमांडचं टोपणनाव आहे, त्यामुळे तिथे हवं ते उत्तर मिळत नाही आणि माणूस समजतो की प्रोग्रॅमच नाही. तिथे ‘व्हेअर.ईएक्सई’ असं शेपटासकट लिहा, नाहीतर ‘गेट-कमांड’ वापरा. दोघांत आणखी एक फरक आहे. जुना कमांड प्रॉम्प्ट पाथच्याही आधी तुम्ही ज्या फोल्डरात उभे आहात तिथे बघतो, पॉवरशेल तसं बघत नाही. स्कॅनच्या फोल्डरात ‘टेसेरॅक्ट.बॅट’ नावाची स्क्रिप्ट करून ठेवलीत तर प्रॉम्प्टमध्ये खऱ्या टेसेरॅक्टआधी तीच चालेल.

आता व्हीएस कोड. इथे दुसरा प्रश्न लागतो, हाक कोण मारतोय. मशीनचा म्हणून एकच पाथ असतो असं आपण धरून चालतो, पण प्रत्येक चालू प्रोग्रॅमकडे स्वतःची प्रत असते, आणि ती त्याला ज्याने सुरू केलं त्याच्याकडून सुरुवातीलाच मिळालेली असते. तुम्ही सेटिंगमध्ये बदल केलात तो नोंदला गेला. त्यानंतर स्टार्टमधून उघडलेल्या खिडकीला नवी प्रत मिळाली. व्हीएस कोड त्याआधीपासून चालू होतं. त्याच्याकडे जुनी प्रत, म्हणून त्याच्या पोटातल्या टर्मिनललाही जुनीच. टर्मिनल बंद करून परत उघडल्याने काही होणार नाही. व्हीएस कोडच्या सगळ्या खिडक्या बंद करून ते नव्याने सुरू करा.

विंडोजवर पाथ बदलायला सेटिंगमधली ती खिडकीच वापरा, जिथे एकाखाली एक फोल्डर दिसतात. नेटवर ‘सेटएक्स’ वापरणारी एक ओळ सर्रास दिलेली असते. ती ओळ सिस्टमचा आणि वापरकर्त्याचा असे दोन्ही पाथ एकत्र करून एकाच खात्यात कोंबते, आणि मजकूर १०२४ अक्षरांच्या पुढे गेला की उरलेला कापून टाकते. कापलेलं परत मिळत नाही. लॅबमधल्या मशीनवर मुलांनी ती चालवली की निम्मे प्रोग्रॅम दिसेनासे होतात आणि ते शोधत बसायला माझी दुपार जाते. कळकळीने सांगतो, ती ओळ कुणालाही पाठवू नका.

म्हापसा_डीटीपी यांचं चूक नाही. नावात तिरकी रेघ आली की शेल पाथ बघतच नाही, थेट त्या पत्त्यावर जातं. घाईच्या वेळी हे बरं. पण तुम्ही चालवलेला प्रोग्रॅम पुढे आणखी चार प्रोग्रॅमना हाक मारत असतो, आणि ती हाक तो पाथनेच मारतो. क्रॉनमध्ये याचाच त्रास होतो. त्यावर उद्या लिहितो, आज लॅब बंद करायची वेळ झाली.

काणकोण_विद्यार्थी

सर, मध्येच विचारतो. विंडोजवर पायथॉन टाकलंय, तरी ‘पायथॉन’ लिहिलं की मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं. हेही पाथच का?

आणि लिनक्सवर आपल्याच फोल्डरातली स्क्रिप्ट चालवायला प्रत्येक वेळी टिंब आणि तिरकी रेघ लावायचा कंटाळा येतो. पाथमध्ये टिंब घातलं तर काय बिघडेल?

फर्मागुडी_लॅब

पहिलं हो, पाथच. ‘व्हेअर पायथॉन’ बघ. ‘विंडोजॲप्स’ नावाच्या फोल्डरात ‘पायथॉन.ईएक्सई’ दिसेल, ती स्टोअरकडे नेणारी पोकळ फाइल आहे. सेटिंगमध्ये ‘ॲप एक्झिक्युशन एलियसेस’ शोध आणि पायथॉनसमोरचं बटण बंद कर.

दुसरं मात्र करू नकोस. पाथमध्ये टिंब म्हणजे ‘मी जिथे उभा असेन तिथलंही चालव’. लॅबच्या सामायिक फोल्डरात कुणी ‘एलएस’ (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) याच नावाची स्क्रिप्ट टाकून ठेवली आणि तुझ्या यादीत टिंब आधी असलं, तर फाइली बघायला म्हणून तू जाशील आणि त्याची स्क्रिप्ट तुझ्या अधिकाराने चालेल. टिंब शेवटी ठेवलं तरी टाइप करताना अक्षर इकडचं तिकडे झालं की दार उघडंच. शिवाय हे नकळतही होतं. लिनक्सवर यादीच्या सुरुवातीला किंवा शेवटी सुटं विभाजक चिन्ह राहिलं, किंवा मध्ये दोन लागोपाठ आली, तर त्या रिकाम्या जागेचा अर्थही ‘सध्याचं फोल्डर’ असाच घेतला जातो. ‘इको $पाथ’ करून एकदा डोळ्यांखालून घाल.

स्वतःच्या स्क्रिप्ट घरच्या फोल्डरात ‘बिन’ नावाचं फोल्डर करून त्यात ठेव. उबंटूवर ते फोल्डर असेल तर पुढच्या लॉगिनला ते आपोआप पाथमध्ये येतं. मग टिंबही नको आणि रेघही नको.

डिचोलीकर

फर्मागुडी बाब, ‘व्हेअर कन्व्हर्ट’चं उत्तर तुम्ही लिहिलंत तेच आलं, सिस्टम३२. ‘मॅजिक’ने पीडीएफ झाली. व्हीएस कोड पूर्ण बंद करून उघडलं, टेसेरॅक्ट सापडलं.

उबंटूवर तुमचं पुढचं लिखाण येईपर्यंत म्हापसा_डीटीपी यांच्या सांगण्याप्रमाणे क्रॉनच्या ओळीत पूर्ण पत्ता घातला. रात्रीचं काम झालं, ‘नॉट फाउंड’ गेलं. पण एक गोष्ट खटकली. त्याच हस्तपत्रकाची दिवसा हाताने केलेली पीडीएफ लहान असते आणि रात्री झालेली बरीच मोठी. अक्षर ओळखण्यात फरक नाही, पानं तीच. स्कॅन काळे-पांढरेच घेतो. याचाही पाथशी संबंध असेल का? एका माजी विद्यार्थ्याने मागे पीडीएफ लहान व्हावी म्हणून काहीतरी ‘जेबिग२’ नावाचं बांधून दिलं होतं, एवढं आठवतं.

फर्मागुडी_लॅब

बाब, तुम्ही फाइलचा आकार ताडून बघितलात म्हणून हे हाती लागलं. संबंध आहे, आणि शेवटचं वाक्य लिहून तुम्ही उत्तरही दिलंत.

आधी क्रॉनचं सांगतो. तुम्ही लॉगिन करता तेव्हा घरातली ‘.प्रोफाइल’ फाइल वाचली जाते आणि ‘~/.लोकल/बिन’ हे फोल्डर तुमच्या पाथमध्ये येतं. पिपएक्स आपले प्रोग्रॅम तिथेच ठेवतो. रात्री क्रॉन काम सुरू करतो तेव्हा लॉगिन होत नाही, ती फाइल कुणी वाचत नाही. उबंटूवर क्रॉन आपल्या कामाला ‘/युएसआर/बिन’ आणि ‘/बिन’ एवढीच यादी देतो. म्हणून नाव सापडलं नाही.

पूर्ण पत्ता दिल्यावर ओसीआरमायपीडीएफ सुरू झालं, पण ते एकटं काम करत नाही. अक्षरं ओळखायला टेसेरॅक्टला बोलावतं, पीडीएफच्या कामाला घोस्टस्क्रिप्टला, आणि काळ्या-पांढऱ्या पानांची चित्रं घट्ट दाबायला ‘जेबिग२’ मिळालं तर त्याला. ही नावं ते पाथमध्येच शोधतं, आणि तो पाथ त्याला क्रॉनकडून वारशाने मिळालेला, दोन फोल्डरांचा. टेसेरॅक्ट आणि घोस्टस्क्रिप्ट उबंटूच्या पॅकेजमधून आलेले असल्यामुळे ‘/युएसआर/बिन’मध्ये आहेत, ते सापडले. जेबिग२ हाताने बांधलेलं, म्हणजे बहुधा ‘/युएसआर/लोकल/बिन’मध्ये. रात्रीच्या यादीत ते फोल्डर नाही. जेबिग२ नसलं तरी काम अडत नाही, म्हणून ते तसंच पुढे गेलं आणि फाइल मोठी झाली.

खात्री करून घ्या. दिवसा टर्मिनलमध्ये ‘टाइप -ए जेबिग२’ लिहा. ‘व्हिच’पेक्षा ‘टाइप’ बरं, कारण बॅशमधली (उबंटूच्या नेहमीच्या शेलमधली) टोपणनावं आणि अंगभूत कमांडही ते दाखवतं, आणि ‘-ए’ लावलं की त्या नावाचे सगळे प्रोग्रॅम क्रमाने दिसतात. मग क्रॉनमध्ये तात्पुरती एक ओळ घाला जी फक्त ‘इको $पाथ’चं उत्तर फाइलमध्ये लिहील. दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

उपाय म्हणजे क्रॉनटॅबच्या (क्रॉनची कामं लिहिलेल्या फाइलच्या) अगदी वर पाथची स्वतंत्र ओळ लिहा: आधी तुमच्या घरचं ‘.लोकल/बिन’, मग ‘/युएसआर/लोकल/बिन’, ‘/युएसआर/बिन’, ‘/बिन’. तिथे ‘$पाथ’ किंवा ‘$होम’ लिहून चालत नाही, क्रॉनटॅब ते उलगडत नाही, जसंच्या तसं धरतो. घरचा पत्ता पुरा लिहा. मला वैयक्तिक विचाराल तर मी ही ओळ क्रॉनटॅबऐवजी स्क्रिप्टच्या सुरुवातीला घालतो. मग ती स्क्रिप्ट क्रॉनने चालवो, मी चालवो की दुसऱ्या कुणी, यादी एकच राहते. तुमच्यानंतर वाचनालयात जो बसेल त्यालाही ती डोळ्यांसमोर दिसेल.

‘सुडो’ लावून, म्हणजे रूटच्या (मशीनच्या सर्वाधिकारी खात्याच्या) अधिकाराने चालवून बघायचा मोह टाळा. सुडोची स्वतःची वेगळी ठरवलेली यादी असते, तीत तुमच्या घरचं फोल्डर नाही, म्हणजे पुन्हा ‘सापडत नाही’. आणि चाललंच तर पीडीएफ रूटच्या मालकीच्या होतील.

लॉगमध्ये काम संपतानाचा क्रमांकही लिहून घ्या. १२७ आला तर नाव सापडलं नाही, १२६ आला तर फाइल सापडली पण चालवता आली नाही, बहुतेक वेळा चालवायची परवानगी नसते म्हणून.

मडगांव_मॅक

मॅकवाल्यांसाठी भर घालतो. होमब्रूने (मॅकवर प्रोग्रॅम इन्स्टॉल करणाऱ्या साधनाने) टाकलेले प्रोग्रॅम ॲपल सिलिकॉनवर ‘/ऑप्ट/होमब्रू/बिन’मध्ये जातात, इंटेलवर ‘/युएसआर/लोकल/बिन’मध्ये. जुन्या मॅकवरून नव्यावर स्क्रिप्ट आणली की पहिला घोळ इथेच होतो. आणि डॉकवरून उघडलेली ॲप टर्मिनलची प्रोफाइल वाचत नाहीत, त्यांना वेगळाच पाथ मिळतो. बाकी सगळं वर लिहिलंय तसंच.

म्हापसा_डीटीपी

जेबिग२चं हे माहीत नव्हतं. आमच्याकडेही रात्री एक स्क्रिप्ट पूर्ण पत्त्याने चालते, तिच्यात आतून कोण कोण चालतं ते आज बघतो.

डिचोलीकर

‘टाइप -ए’ने जेबिग२ ‘/युएसआर/लोकल/बिन’मध्ये दाखवलं. क्रॉनच्या ओळीने लिहिलेल्या फाइलमध्ये फक्त दोन फोल्डर. स्क्रिप्टच्या वर पाथची ओळ घातली आणि रात्रीची पीडीएफ दिवसाच्या मापाची झाली. सगळ्यांना देव बरें करूं.

एक शेवटचं. त्या विद्यार्थ्याने आज जेबिग२ नव्याने बांधून माझ्या घरच्या ‘बिन’मध्ये ठेवलं आणि जुनं काढून टाकलं. ‘बिन’ पाथमध्ये आहे. तरी उघड्या असलेल्या टर्मिनलमध्ये जुन्याच पत्त्यावर ‘नो सच फाइल’ म्हणतंय. नव्या टर्मिनलमध्ये ठीक.

फर्मागुडी_लॅब

बॅश एकदा सापडलेला पत्ता त्या खिडकीपुरता लक्षात ठेवतं, म्हणजे दर वेळी यादी चाळावी लागत नाही. ‘हॅश -आर’ लिहा, विसरेल आणि नव्याने शोधेल.

आणि स्क्रिप्टमधल्या यादीत घरचं ‘बिन’ही घाला. वर सांगितलेल्या ओळीत ते नव्हतं, आणि ‘/युएसआर/लोकल/बिन’मधलं जेबिग२ आता गेलंय.